एकतर्फी पाळत

२६ फेब्रुवारी २०२४, सोमवार. आदल्या दिवशी मराठा आरक्षणासाठी आंदोलन करणारे मनोज जरांगे पाटील जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीतून मुंबईच्या दिशेने निघाले, भांबेरीपर्यंत पोचले, आणि रात्रीतून अंबड तालुक्यात संचारबंदी लागू झाली. सोमवारी तीर्थपुरीत एसटीची बस पेटवून देण्यात आली. जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या तिन्ही जिल्ह्यांत मोबाइलचं इंटरनेट काही तास बंद झालं. बारावीची परीक्षा चालू होती. दिवसभर वाहिन्यांवर चर्चा झडली ती जरांगेंनी तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यावर केलेल्या आरोपांची, परतीच्या प्रवासाची आणि जळालेल्या बसची. नेट बंद केल्याचं वृत्त बातमीच्या शेपटाला, एका ओळीत आलं. संचारबंदीवर दोन्ही बाजूंनी बोललं गेलं, नेटबंदीवर मात्र कोणी फारसं बोललं नाही. दंगल होऊ नये म्हणून सरकार जे करतं त्यातलंच ते एक, असं आपण सगळे मुकाट धरून चाललो.

मी तसं धरून चालायला तयार नाही. ज्या शासनाने आपला निम्मा कारभार रयतेच्या मोबाइलवर नेऊन टाकला, त्याला तो मोबाइल हवा तेव्हा मुका करता येऊ नये, एवढं माझं साधं म्हणणं आहे. ते आंदोलनाच्या बाजूने किंवा विरुद्ध नाही. जालना जिल्ह्यात गेल्या तीनचार वर्षांत जे घडलं त्यात आरक्षणाचा वाद मोठा दिसतो, आणि आहेच. पण त्याच काळात याच जिल्ह्यात दुसरीही एक गोष्ट घडत होती. शासनाला शेतकरी, लाभार्थी, आंदोलक असे सगळे मोबाइलमधून स्वच्छ दिसू लागले होते आणि शासन कोणाला दिसू नये याची तजवीजही त्याच वेळी होत होती.

आधी रानात जाऊ. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. त्याआधी सातबाऱ्यावरचा पीकपेरा तलाठी लिहायचा, आणि पुष्कळदा तो सज्जात बसूनच लिहायचा, हे गावाला ठाऊक होतं. रानात कापूस आणि उताऱ्यावर ज्वारी असले प्रकार नवे नव्हते. शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद आपणच करावी ही कल्पना म्हणूनच मला तेव्हाही पटली आणि आजही पटते. पण ती चालते कशी ते मंठ्याकडच्या किंवा भोकरदनकडच्या एखाद्या वावरात उभं राहून बघावं. शेत आजोबांचं, मोबाइल नातवाचा. खातं निवडायचं, गट निवडायचा, पिकाचा वर्ग, पिकाचं नाव, लागवडीची तारीख, पाण्याची सोय, सगळं भरायचं. मग फोटोची पाळी येते. तुम्ही गटापासून इतके मीटर लांब आहात, असं अ‍ॅप सांगतं. पोरगं सरीतून पुढे जातं, मोबाइल वर धरतं, पुन्हा बघतं. गट जवळ आला की रेंज जाते. रेंज लिंबाखाली मिळते, पण लिंबाखाली आलं की गट लांब राहतो. कसाबसा फोटो निघतो, नोंद साठवून ठेवली जाते, आणि संध्याकाळी गावात येऊन ती वर चढवायला बसावं तर चक्र फिरत राहतं. अख्खा तालुका त्याच वेळी त्याच कामाला बसलेला असतो. मुदतीचे शेवटचे दिवस असले तर मग विचारूच नका.

ही नोंद राहिली की पुढचं सगळं राहतं. विमा, नुकसानीचं अनुदान, हमीभावाने खरेदी, सगळ्यांना पीकपेरा लागतो. आता शेतकरी ओळख क्रमांक आला आहे. २०२५ च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, कापूस घालायचा तर ‘कपास किसान’ या अ‍ॅपवर नोंदणी करावी लागली. एक रुपयात पीक विमा होता त्या काळात स्थानिक आपत्तीने पीक गेलं तर ७२ तासांच्या आत कंपनीला कळवायचं बंधन होतं. कळवायचं कसं, तर अ‍ॅपवर, नाहीतर टोल फ्री नंबरवर, तो लागला तर. रेशन कार्डातल्या प्रत्येक माणसाची ई-केवायसी. लाडक्या बहिणीची ई-केवायसी, आणि तिच्यासाठी नवऱ्याच्या किंवा बापाच्या आधारला जोडलेल्या नंबरवर येणारा ओटीपी. बाप वारलेला, नवऱ्याने टाकलेलं, अशा बाईने तो ओटीपी आणायचा कुठून, याचा विचार योजना आखणाऱ्याला आधी सुचला नाही, लोकांनी ओरड केल्यावर सुचला. महा-ई-सेवा केंद्रांसमोर पहाटेपासून बायका बसलेल्या दिसायच्या त्या यामुळेच.

यातल्या बहुतेक अटींमागे शासनाचा हेतू वाईट आहे असं मी म्हणणार नाही. सार्वजनिक पैसा वाटायचा तर शहानिशा हवीच. खोटी नावं लावणारे, दोन ठिकाणी लाभ घेणारे, मेलेल्याचं रेशन उचलणारे लोक आपल्याच गावात असतात, ते कुठून आभाळातून पडत नाहीत. पण ही सगळी शहानिशा एकाच टोकाला का चालते, हे कोणी विचारत नाही.

जालना जिल्ह्यानेच याचं उत्तर दिलं. अतिवृष्टी आणि गारपिटीच्या अनुदानात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत झालेला घोटाळा २०२५ मध्ये उघडकीला आला. नुकसान २०२२ ते २०२४ या काळातलं. ज्यांच्या नावावर जमीनच नाही अशांची नावं यादीत, एकाच शेताला दोनदा पैसे, असलेल्या क्षेत्रापेक्षा जास्त क्षेत्र, असे प्रकार चौकशीत पुढे आले. रक्कम साधारण पंचवीस कोटींच्या घरात. तलाठी निलंबित झाले, ऑगस्टमध्ये अंबड पोलिसांत गुन्हा दाखल झाला. कोण दोषी, कोण नाही, ते न्यायालय ठरवील. मला बोलायचं आहे ते त्यातल्या एका तपशिलावर. यादी मंजूर करायचं लॉगिन तहसीलदाराचं आणि त्याचा पासवर्ड खालच्या कर्मचाऱ्यांच्या हाती, अशी ती व्यवस्था होती.

आता हे दोन प्रसंग शेजारी ठेवून बघा. दोन एकर सोयाबीनवाल्याला स्वतःच्या शेतात उभं राहून उपग्रहाच्या साक्षीने फोटो काढावा लागतो, आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी मागवावा लागतो, म्हाताऱ्या आईचा अंगठा यंत्रावर उमटत नाही म्हणून चारदा धुऊन पुसावा लागतो. कोट्यवधी रुपये ज्या खटक्याने मंजूर होतात, तो खटका दाबताना साहेबाचा अंगठा कोणी मागितला नाही. ते तंत्र नव्हतं असंही नाही. शेतकऱ्याला लावलेलं यंत्रच तहसीलला लावायचं होतं. ते लावावंसं कोणाला वाटलं नाही, कारण संशय कोणावर घ्यायचा हे आपल्याकडे संगणक येण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं आहे.

आणि हा घोटाळा पकडायला संगणकाचीही गरज नव्हती. अनुदानाची गावनिहाय यादी, नाव, गट नंबर, क्षेत्र आणि रक्कम यांसह चावडीच्या भिंतीवर लागली असती, तर कोणत्याही गावाने तासाभरात बोट ठेवलं असतं. अमक्याला गुंठाभर जमीन नाही, तमका तर पुण्याला असतो, हे तलाठ्यापेक्षा गावाला पक्कं माहीत असतं. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम हेच सांगतं, की अनुदान कोणाला दिलं ते मागण्याची वाट न बघता जाहीर करा. महाराष्ट्राने तर केंद्राच्या आधी स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. तरीही यादी बघायची तर अर्ज करा, दहा रुपयांचा स्टॅम्प लावा आणि तीस दिवस थांबा. शेतकऱ्याचा पीकपेरा मात्र शासनाला त्याच संध्याकाळी दिसतो.

नेटबंदी याच स्वभावाचं टोक आहे.

१ सप्टेंबर २०२३ ची संध्याकाळ आठवा. अंतरवाली सराटीत चार दिवसांपासून उपोषण चालू होतं. पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधूर सोडला. दगडफेक झाली, पोलीसही जखमी झाले. सुरुवात कोणी केली यावर आजही दोन तट आहेत. पण बायकांना, म्हाताऱ्यांना लागलेला मार महाराष्ट्राने पाहिला तो गावातल्या पोरांच्या मोबाइलमधून, त्याच रात्री. त्या चित्रफिती नसत्या तर आपल्या हाती सरकारी प्रसिद्धीपत्रक आलं असतं, ‘सौम्य बळाचा वापर’ असं लिहिलेलं. पुढे पोलीस अधीक्षक सक्तीच्या रजेवर गेले आणि तेव्हा गृहमंत्री असलेल्या फडणवीसांनी लाठीमाराबद्दल क्षमा मागितली. दगडफेकीची बाजू मांडायला पोलिसांनाही चित्रफितीच लागल्या, हेही विसरायला नको. दोन्ही बाजूंना साक्षीदार मिळाला तो मोबाइलमुळे. पुढच्या वेळी तणाव वाढला की पहिल्यांदा तोच साक्षीदार बाहेर काढला जातो, याला मी योगायोग मानत नाही.

कायदा काय म्हणतो? २०१७ मध्ये केंद्राने दूरसंचार सेवा तात्पुरती बंद करण्याचे नियम केले. त्याआधी जिल्हा पातळीवर जमावबंदीच्या कलमाखालीही नेट बंद व्हायचं. २०२४ मध्ये नवे नियम येईपर्यंत ते लागू होते. त्यांनुसार आदेश राज्याच्या गृह सचिवाने काढायचा, कारणं लिहायची, आणि कामाच्या पाच दिवसांच्या आत समितीने तो तपासायचा, अशी रीत होती. १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरच्या निमित्ताने बजावलं, की बेमुदत बंदी चालणार नाही, जेवढ्यास तेवढी हवी, आणि आदेश जाहीर झाला पाहिजे. म्हणजे ज्याचं नेट बंद केलं त्याला तो वाचून न्यायालयात जाता यावं. संसदेच्या माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२१ मध्ये आणखी एक गोष्ट उघड केली. देशात कुठे, किती वेळा, किती तास नेट बंद झालं याची नोंद ना गृह मंत्रालय ठेवत होतं, ना दूरसंचार विभाग. कापसाच्या प्रत्येक बोंडाचा हिशेब मागणाऱ्या देशात या गोष्टीची वहीसुद्धा नव्हती. जगात नेटबंदीत आपण वर्षानुवर्षं पहिले होतो. २०२४ मध्ये म्यानमार एकाने पुढे गेलं, त्यांचे ८५ आणि आपले ८४. तिथे तेव्हा लष्कराची राजवट होती.

गावात मात्र नेटबंदीचा आदेश कागदाने पोचत नाही. रेंजच्या दांड्या दिसतात, पण काहीच उघडत नाही, तेव्हा कळतं. मोंढ्यात आडत्याने पट्टी फोन पे करायची असते ती राहते. पेट्रोल पंपावर क्यूआर कोडवर कोणीतरी कागद चिकटवतं, ‘फक्त रोख’. ब्रॉडबँडही गेलं असेल तर ई-वे बिलाअभावी सळईचा ट्रक औद्योगिक वसाहतीच्या फाटकातच उभा. ज्याच्याकडे रोख असते, ओळख असते, त्याचं भागतं. ज्याचा शंभराचा रिचार्ज हाच बँक, हीच कचेरी आणि हाच दवाखान्याचा नंबर, त्याचं अडतं. ७२ तासांचं घड्याळ नेट बंद असताना थांबत नसे. नेट बंद होतं म्हणून मुदत तेवढ्या तासांनी वाढवली, असा आदेश बंदीच्या कागदासोबतच निघावा, ही अपेक्षा फार मोठी आहे का?

माझ्या या म्हणण्याला दुसऱ्या बाजूचं उत्तर आहे, आणि ते हलकं नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते. मुलं पळवणारी टोळी फिरते, अशी अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आठवडेच्या आठवडे पसरत होती. बीडमध्ये ३० ऑक्टोबर २०२३ ला जे झालं त्याचंही मूळ मोबाइलमध्येच होतं. आमदार प्रकाश सोळंके यांची आंदोलनाबद्दलची एक ध्वनिफीत फिरली आणि माजलगावातलं त्यांचं घर पेटवलं गेलं. तेव्हा पोलीस अधिकाऱ्याच्या जागी बसलेल्या माणसाने काय करावं? हजारो तरुण काही मिनिटांत एका चौकात गोळा होत असतील तर नेट बंद करायचा मोह मी समजू शकतो. घरं जळण्यापेक्षा दहा तास नेट गेलेलं परवडलं, असं कोणी म्हटलं तर त्याला हसून वाटेला लावता येणार नाही.

पण या दोन्ही घटना जरा नीट बघा. राईनपाड्याला अफवा एका दिवसाची नव्हती. ती प्रत्येक मोबाइलमध्ये आधीच जाऊन बसली होती, आणि खून झाला तो समोरासमोर, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. तिथे नेट बंद करून काय थांबलं असतं? कमी पडलं ते खोडून काढणारं कोणी. माजलगावात घर आधी जळालं, नेट नंतर बंद झालं. ध्वनिफीत एकदा उतरवून घेतली की ती ऐकवायला डाटा लागत नाही. जान रिझॅक या अभ्यासकाने भारतातल्या २०१६ च्या नेटबंद्या आणि त्यांच्या आगेमागे झालेली आंदोलनं तपासली. बंदीनंतर हिंसक आंदोलन उलट वाढताना त्याला दिसलं. कारण उघड आहे. शांततेने मोर्चा काढायचा तर निरोप, मार्ग, शिस्त, स्वयंसेवक हे सगळं जुळवावं लागतं. दगड उचलायला काहीच जुळवावं लागत नाही.

शिवाय नेटबरोबर पोलीस पाटलाचाही आवाज जातो. १९६७ च्या कायद्याने प्रत्येक गावात पोलीस पाटील आहे, तो ठाण्याच्या ग्रुपवर आहे, गावातल्या चार ग्रुपांवरही आहे. ‘अमुक ठिकाणी काही झालेलं नाही, मी स्वतः उभा आहे, हा फोटो बघा’, एवढं त्याने दोन मिनिटांत टाकलं तर तीन तासांची अफवा जागच्या जागी बसते. नेट गेलं की हे साधन जातं आणि उरतं ते पारावरचं सांगोवांगी. ‘बंद का केलं? नक्कीच काहीतरी मोठं झालं असणार’, इथून नवी अफवा सुरू होते. व्हॉट्सअ‍ॅपने राईनपाड्यानंतर एकावेळी पाचच जणांना निरोप पुढे ढकलण्याची मर्यादा भारतात घातली. एका खासगी कंपनीने केलेला तो बारीकसा बदल मला तिन्ही जिल्ह्यांचं नेट बंद करण्यापेक्षा शहाणपणाचा वाटतो. विष पसरवणाऱ्या माणसावर कारवाई करायला कलमं आहेत. दोन समाजांत तेढ लावणं हा गुन्हा जुन्या दंडसंहितेत होता, नव्या न्याय संहितेतही आहे. पण एका माणसाला शोधून काढण्यापेक्षा वीस लाख लोकांचं नेट बंद करणं कमी कष्टाचं असतं.

सरकारला एवढं बोलून झाल्यावर आपल्या ग्रुपांकडे वळतो, कारण तिथली घाण सरकारने आणून टाकलेली नाही. अंतरवाली सराटी आणि वडीगोद्री यांत काही किलोमीटरचंच अंतर आहे. एका ठिकाणी जरांगे उपोषणाला बसत, जून २०२४ मध्ये दुसऱ्या ठिकाणी ओबीसींच्या बाजूने लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे बसले. एकाच तालुक्यात, एकाच पाण्यावर जगणाऱ्या गावांत दोन मांडव. त्या वर्षीच्या लोकसभा निकालाच्या आगेमागे ‘यांच्या दुकानातून माल घेऊ नका’, ‘त्यांच्याकडे केस कापायला जाऊ नका’ असे निरोप मराठवाड्यात दोन्ही बाजूंनी फिरत होते. ते निरोप लिहिणारा एक असतो, पण पुढे ढकलणारे शिकलेले, पगारदार, पुण्या-मुंबईला बसलेले लोक होते, हे मी स्वतःच्या ग्रुपांवर बघितलं आहे. गावात राहणाऱ्याला उद्या त्याच न्हाव्याकडे, त्याच किराणा दुकानात जायचं असतं, म्हणून तो निदान बिचकतो. हिंजवडीत बसून गावच्या ग्रुपवर बहिष्काराची भाषा करणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही. अशा ग्रुपचा अ‍ॅडमिन ‘मी काय करू, सगळे आपलेच आहेत’ म्हणून गप्प बसतो. मंदिराच्या ट्रस्टचा अध्यक्ष व्हायला भांडणारी माणसं अ‍ॅडमिन म्हणून जबाबदारी घ्यायची वेळ आली की लगेच साधी होतात.

हे बोललं की मला विचारलं जातं, आरक्षणावर तुमचं मत काय ते आधी सांगा. सांगतो. ज्याच्या पणजोबाची कुणबी अशी नोंद सापडली त्याला दाखला मिळायलाच हवा, तो कोणाचा उपकार नाही. पण निजामाच्या काळातल्या हैदराबाद गॅझेटियरसारख्या ग्रंथात जातवार लोकसंख्येचे आकडे असतात, माणसांची नावं नसतात. त्या आकड्यांवरून एका घराचं कूळ ठरवता येत नाही, आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेट पुढे करताना ती अडचण गावपातळीवरच्या समितीच्या गळ्यात घातली. त्याच महिन्यात त्याच गॅझेटचा हवाला देत बंजारा समाज अनुसूचित जमातीत जाण्यासाठी रस्त्यावर उतरला, जालन्यातही उतरला. कागद एक, दावे अनेक. दोन्हीकडचे मित्र या मतावर नाराज आहेत, ते राहोत.

पण या सगळ्यात शासनाने एक काम चांगलं केलं आणि त्याची दखल कोणी घेतली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत राहिलेल्या या मुलखाचे कागद मोडीत, उर्दूत, फारसीत. ऑक्टोबरअखेर मराठवाड्यात पावणेदोन कोटींच्या आसपास कागद चाळून झाले तेव्हा सापडलेल्या नोंदी होत्या ११,५३०. पुढे हे काम राज्यभर झालं आणि नोंदींचा आकडा पन्नास लाखांच्या पुढे गेला. खासरा पत्रकं, जन्म-मृत्यूची रजिस्टरं, शाळांचे प्रवेश निर्गम उतारे, वाळवीने कडा खाल्लेली पानं बाहेर निघाली. मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली. आणि मुख्य म्हणजे त्या पानांची छायाचित्रं जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. तोवर अशी नोंद हवी तर अभिलेख कक्षातल्या बाबूच्या पाया पडावं लागे. बाबू आज नाही, किल्ली सापडत नाही, बस्ता वरच्या फळीवर आहे, अशी उत्तरं मिळत. आता गावातलं पोर बसल्या जागी आपल्या गावाचं पान उघडतं, मोठं करून बघतं, मोडी येत नाही म्हणून वाचणाऱ्याला पाठवतं. नोंद नसली तर नसल्याचंही त्याला कळतं, आणि ज्याला एखाद्या दाखल्यावर आक्षेप घ्यायचा आहे त्यालाही तेच पान दिसतं. मराठा असो की ओबीसी, कागद दोघांसमोर सारखाच उघडा पडला. इतकी जुनी पानं प्रत्येकाला दाखवण्यात खासगीपणाचा प्रश्न येतो हे खरं, पण शंभर वर्षांपूर्वीच्या रजिस्टरपुरता तो मला सोसण्यासारखा वाटतो.

तेव्हा शासनाला हे जमत नाही असं नाही. लाखो लोक रस्त्यावर आले तेव्हा अभिलेख कक्षाची कुलपं काही आठवड्यांत निघाली. अनुदानाच्या यादीसाठी कोणी उपोषणाला बसत नाही, म्हणून ती यादी तहसीलच्या संगणकात राहते.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा पाण्याखाली गेला. कापूस, सोयाबीन, मोसंबीच्या बागा, काही ठिकाणी मातीसकट गेलं. ऑक्टोबरमध्ये राज्याने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना ई-केवायसीची अट नको, पैसे थेट खात्यात, असं ठरलं. शेतकऱ्याच्या डोक्यावरची एक अट कमी झाली, चांगलं झालं. पण ज्या अंबड-घनसावंगीत दोन महिन्यांपूर्वीच अनुदानाच्या यादीवरून गुन्हा नोंदवला गेला होता, तिथे या वेळची यादी गट नंबर, क्षेत्र आणि रकमेसह प्रत्येक चावडीवर लावायची, ती अ‍ॅपवर टाकायची आणि ती मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव व वेळ त्याच ओळीत छापायची, एवढा आदेश काढायला तंत्रज्ञान लागत नाही. ई-पीक पाहणीच्या फोटोवर शेतकऱ्याची तारीख, वेळ आणि जागा आजही छापून येते.